सह्याद्रीच्या पोटांतलें पाणी

पाण्याचें दुर्भिक्ष म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें माणदेशांतील किंवा मराठवाड्यांतील उजाड माळरानें उभीं राहतात. जेथें पाऊस नाहीं तेथें पाणी नाहीं, हा हिशेब इतका सरळ आहे कीं त्याची फोड करून पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर हा हिशेब साफ चुकतो. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस वीस मैलांवर असलेल्या वाईला त्याच्या पांचव्या हिश्श्याइतकाही लाभत नाहीं. तेव्हां सुकाळ डोंगरावर आणि टंचाई सपाटीवर असावी, असें कोणीही म्हणेल. प्रत्यक्षांत पाहावें तों मोखाडा, जव्हार, शहापूर, इगतपुरी या तालुक्यांत, जेथें आषाढांत चार हातांवरचा माणूस धारांमुळें दिसेनासा होतो, तेथेंच वैशाखांत बायका रात्रीं कंदील घेऊन खडकांतल्या झिऱ्याशीं वाटीवाटीनें पाणी भरीत बसतात आणि पाड्यांना सरकारी टँकरची वाट पाहावी लागते. मुंबई शहराची तहान भागविणारीं तानसा, वैतरणा, भातसा यांचीं धरणें ह्याच मुलुखांत आहेत. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी पन्नास-साठ मैल चालून मुंबईस पोंचलें. पण शेजारच्या टेकडीवरील पाड्यावर तें सव्वाशें वर्षांत चढूं शकलें नाहीं.

या कोड्याचा एक धागा राज्यकारभारांत आहे, हें उघडच आहे. दुसरा धागा खडकांत आहे. आणि तो खडक कसा आहे हें समजल्यावांचून या डोंगरांत राहिलेल्या माणसांचा दोन हजार वर्षांचा इतिहासही नीट समजावयाचा नाहीं.

सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठाच्या भेगांतून शिलारसाचे लोट एकामागून एक बाहेर आले, पसरले आणि थिजले. महाराष्ट्राच्या जवळजवळ चार-पंचमांश भूमीखालीं हाच काळा पाषाण आहे. त्याला 'ट्रॅप' हें नांव मिळालें तें स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या शब्दावरून. सह्याद्रीच्या कोणत्याही डोंगराकडे दुरून पाहिलें म्हणजे हें नांव किती समर्पक आहे तें ध्यानांत येतें. कातळाची उभी भिंत, तिच्या डोक्यावर गवताची व झाडोऱ्याची आडवी पट्टी, त्यावर पुन्हां भिंत, पुन्हां पट्टी, असा हा जिना शिखरापर्यंत चढत जातो. ती हिरवी पट्टी हीच पाण्याची खूण होय. प्रत्येक लोटाचा मधला भाग घट्ट असतो. त्यांत पाणी शिरलें तर फक्त भेगांवाटे शिरतें. लोटाचा वरचा भाग मात्र थिजतांना वायूचे बुडबुडे अडकून सच्छिद्र झालेला असतो, आणि दोन लोटांच्या मध्यें कित्येक ठिकाणीं भाजलेल्या लाल मातीचा पातळ थर सांपडतो. हा लाल थर पाण्याला खालीं जाऊं देत नाहीं. मग वरून भेगांतून उतरलेलें पाणी तेथें अडतें, आडवें वाहूं लागतें, आणि कड्याच्या अंगाला जेथें तो थर उघडा पडला असेल तेथें झऱ्याच्या रूपानें बाहेर येतें. आमच्या डोंगरांतील वाड्या, देवराया, गडांच्या माच्या ह्या बहुधा त्याच पट्टीवर वसल्या आहेत. वसविणाऱ्यांना भूगर्भशास्त्र ठाऊक नव्हतें. पण पाणी कोठें सुटतें हें पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायपिटीनें ठाऊक झालें होतें.

या खडकाचा दोष एवढाच कीं त्याची कोठी लहान आहे. गंगाथडीच्या वाळूंत जितकें पाणी मुरून राहतें त्याच्या मानानें हा पाषाण फार कंजूष. शंभर घनफूट खडकांतून दोन-तीन घनफूट पाणी हातीं लागलें तरी पुष्कळ झालें. बुडबुड्यांच्या पोकळ्याही सर्वच रिकाम्या नसतात. पुष्कळ ठिकाणीं त्या पांढऱ्या, चकचकीत स्फटिकांनीं भरून गेलेल्या आहेत. पुणें-नाशिकाकडील हे स्फटिक जगांतील पदार्थसंग्रहालयांत मोठ्या कौतुकानें मांडलेले असतात. पण पाण्याच्या दृष्टीनें भरलेली पोकळी ही बंद झालेली खोलीच. तेव्हां पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला कीं ही लहानशी कोठी तुडुंब भरते आणि पुढचा सारा पाऊस वरच्यावर वाहून जातो. उतार तीव्र असल्यामुळें कोठींतलें पाणीही स्वस्थ बसत नाहीं. दसऱ्यापासून तें झऱ्यांवाटे निसटूं लागतें आणि होळीपर्यंत बहुतेक संपतें. दोनशें इंच पडला काय आणि साठ इंच पडला काय, वैशाखांत झऱ्याला त्याची फारशी दाद नसते.

यास अपवाद आहे तो माथ्यावरील जांभ्याचा. महाबळेश्वर व पांचगणी यांच्या पठारांवर काळ्या कातळावर जांभा दगडाची जाड टोपी चढलेली आहे. या दगडाला शास्त्रीय नांव दिलें तें फ्रान्सिस बुकॅनन यानें, १८०७ सालीं, मलबारांत लोक तो विटांसारखा कापून घरांस लावतात हें पाहून; कारण त्या लॅटिन नांवाच्या मुळाशीं विटेचाच अर्थ आहे. जांभा छिद्राछिद्रांचा असल्यामुळें पाऊस पिऊन घेतो आणि त्याच्या खालची चिकण माती तें पाणी अडवून धरते. म्हणूनच क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत ऐन उन्हाळ्यांतही धार चालू असते. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री या पांच नद्या तेथें एकत्र उगम पावतात अशी आपली श्रद्धा आहे. त्या एका गोमुखांतून निघत नसल्या, तरी एकाच जांभ्याच्या टोपीखालून चहूंकडे पाझरतात, इतकें शास्त्रालाही मान्य करावें लागतें.

अशा डोंगरांत माणसानें पावसाळ्यापलीकडे वस्ती करावयाची म्हणजे निसर्गाची लहान कोठी मोठी करणें भागच होतें. हें काम प्रथम पद्धतशीरपणें केलें तें बौद्ध भिक्षूंनीं व त्यांना दान देणाऱ्या व्यापाऱ्यांनीं. लेण्यांचें वर्णन करतांना आपले लेखक चैत्यगृहें आणि खांबांवरील मूर्ती यांतच रमतात; शेजारच्या अंधाऱ्या टांक्यांकडे त्यांची दृष्टि क्वचितच जाते. वास्तविक लेणें कोरणें जितकें पुण्याचें मानलें जाई तितकेंच टांकें कोरणेंही. प्राकृत शिलालेखांत या टांक्यांना 'पोढी' म्हटलें आहे, आणि जुन्नर, कान्हेरी येथील लेखांत लेण्याबरोबर पोढी दिल्याचा उल्लेख पुनःपुन्हां येतो. भाजें येथील एका टांक्यावर महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याचें नांव दाता म्हणून कोरलेलें आहे. महारठी म्हणविणाऱ्या पुरुषाचें नांव पाण्याच्या टांक्यावर टिकून राहावें, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. कान्हेरीस तर शंभरांहून अधिक लेणीं आहेत आणि बहुतेक प्रत्येकाच्या दाराशीं स्वतःचें टांकें आहे. डोंगराच्या अंगावर बारीक पन्हळी खोदून पावसाचें पाणी त्यांत वळविलें आहे. ह्याच डोंगराच्या कुशींत १८६० सालीं विहारचा तलाव झाला व मुंबईच्या नळांना प्रथम पाणी मिळालें, हा योगायोग काढणारास मौजेचा वाटेल. पण एकाच डोंगरानें दीड हजार वर्षांच्या अंतरानें दोनदां तीच चाकरी केली, हें खरें.

टांक्यांच्या दोन जाती आहेत व त्यांतला भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. एक सांठवणीचें टांकें. यांत पावसाचें पाणी धरून ठेवावयाचें. दुसरें जिवंत पाण्याचें. हें पाझरत्या थरापर्यंत खोदून नेलेलें असतें व उपसलें कीं पुन्हां भरतें. चतुर पाथरवट लाल थराच्या किंचित् वर सच्छिद्र खडक गांठून तेथें टांकें घेई. कित्येक टांकीं कड्याच्या आंत शिरवून छताला खांबांचा आधार दिलेला असतो. यांस खांबटांकें म्हणतात. हा थाट शोभेसाठीं नव्हे. उघड्या तळ्यांतलें पुरुषभर पाणी एका वर्षांत उन्हानें उडून जातें. खांबटांक्यांत ऊन शिरत नाहीं, म्हणून पाणी उडत नाहीं, शेवाळ धरत नाहीं आणि तें बर्फासारखें गार राहतें. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यांत पिंडीभोंवतीं कमरेइतक्या पाण्यांतून प्रदक्षिणा घालणारास या गारठ्याचा अनुभव आलेलाच असेल.

शिवकालांत हीच विद्या राज्याच्या रक्षणास लागली. किल्ल्याचें बळ तटांत व तोफांत असतें असें आपण मानतों. पण रामचंद्रपंत अमात्यांनीं सुमारें १७१५ मध्यें लिहिलेल्या आज्ञापत्रांत दुर्गांचें प्रकरण उघडून पाहावें. किल्ला बांधावयाचा तर आधीं पाणी पाहावें, असा त्यांचा दंडक आहे. स्थळ सोडतां येण्यासारखें नसेल तर खडक फोडून तळीं-टांकीं करावीं, असें ते सांगतात. पुढें ते जें सांगतात तें अधिक मोलाचें आहे. गडावर झरा आहे, त्यावर भागेल, अशा समजुतीवर राहूं नये. कारण लढाईच्या प्रसंगीं तोफांच्या दणक्यानें झरे नाहींसे होतात आणि नेमका त्याच वेळीं पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून सांठ्याचें पाणी निराळें राखावें. या सूचनेंतील निरीक्षण पाहून आश्चर्य वाटतें. ज्या खडकांत पाणी केवळ केसाएवढ्या भेगांतून चालतें, तेथें मोठा हादरा बसला तर एखादी भेग बुजावी, दुसरी उघडावी व झऱ्यानें आपली वाट बदलावी, हें अगदीं संभवनीय आहे. अमात्यांनीं तें तर्कानें काढलें नसावें. सत्तावीस वर्षें मोंगलांच्या वेढ्यांना तोंड देतां देतां जें पाहिलें तेंच त्यांनीं सूत्ररूपानें लिहिलें असावें, असें आमचें मत आहे.

रायगडावर या दंडकाचा विस्तार पाहावयास मिळतो. जगदीश्वराच्या देवळापाशीं हिरोजी इंदुलकरानें जो लेख कोरविला त्यांत राजवाडे व स्तंभ यांच्या जोडीनें विहिरी, आड व तळीं यांचाही अभिमानानें उल्लेख आहे. गंगासागर अजूनही भरलेला असतो. हत्ती तलाव मात्र दीर्घ काळ कोरडा पडे, कारण त्याच्या तळाच्या व बांधाच्या फटींतून पाणी निघून जाई. अलीकडे त्या फटी बुजविल्यावर तो पुन्हां भरूं लागला. बांधकाम उत्तम असलें तरी वर्षानुवर्षें डागडुजी हवीच, हें ज्यांना सांगावें लागतें त्यांना हत्ती तलाव दाखवावा.

१८१८ नंतर हीं टांकींच इंग्रजांच्या डोळ्यांत सलूं लागलीं. नवे राज्यकर्ते किल्ल्यांची पाहणी करतांना दरवाजे व तट यांबरोबर पाण्याची तरतूदही टिपून ठेवीत. कारण पाणी आहे तोंपर्यंत बंडखोराला तेथें आश्रय आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. मग कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंगानें उडविल्या गेल्या व टांकीं फोडलीं गेलीं. तोफांनीं झरे जातात असें अमात्यांनीं लिहिलें होतें. शंभर वर्षांनीं दारूनें टांकीं गेलीं. ह्यानंतर गड ओस पडले ते केवळ शिबंदी उठल्यामुळें नव्हेत.

पाणी वर नेण्याऐवजीं डोंगराच्या पोटांतून शहरांत उतरविण्याची एक विद्या मुसलमानी अमदानींत दक्षिणेंत आली. मूळ ती इराणांतली. बऱ्हाणपुरास १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याच्या वेळीं सातपुड्याच्या पायथ्याशीं पाझरणारें पाणी भूमिगत भुयारानें शहराकडे आणलें. त्या भुयारावर ओळीनें कुंड्या खणल्या आहेत. याच सुमारास मलिक अंबरानें आपण वसविलेल्या खडकीस, म्हणजे पुढील औरंगाबादेस व आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, डोंगरांतील पाझर एकत्र करून नहर आणली. दोन्ही ठिकाणीं पंप नाहीं, मोट नाहीं. नुसता उतार मोजून पाणी चालविलें आहे. बऱ्हाणपुरच्या भुयारांत उतरलें कीं भिंतीवर चुनखडीचा जाड पांढरा लेप दिसतो. खडकांतून येतांना पाणी चुना विरघळवून आणतें व मोकळी हवा लागतांच तो भिंतीवर टाकून देतें. चारशें वर्षें हें चालल्यानें भुयार आंतून अरुंद होत आलें आहे. गृहिणीच्या भाषेंत ज्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं तें जड, आणि शिजते तें हलकें. बऱ्हाणपुरची भिंत म्हणजे या जडपणाचा चार शतकांचा जमाखर्चच होय. कातळांतून आलेलें आपलें पाणी थोडेंफार जड असतें, पावसाचें सांठविलेलें हलकें. गडावरचें पाणी प्याल्यावर भूक लागते असें जें जुने लोक सांगतात त्याच्या मुळाशीं या हलकेपणाबरोबर गड चढण्याचे श्रमही असावेत.

येथें राजापूरच्या गंगेचा उल्लेख टाळतां येत नाहीं. राजापूरजवळ उन्हाळें या गांवीं टेकडीवर चौदा कुंडें आहेत. मूळ गंगा व काशीकुंड हीं त्यांतलीं प्रमुख. एरव्हीं तीं कोरडीं असतात. साधारण तीन वर्षांनीं एकाएकीं सर्व कुंडांत पाणी येतें, कांहीं आठवडे राहतें व जातें. पूर्वींच्या काळीं गंगा आली कीं दूरदूरची यात्रा लोटे. भाविक यास चमत्कार म्हणतात. शास्त्रज्ञ म्हणतात कीं आंत कोठें तरी वांकड्या नळीसारखी पोकळी असावी, ती कांठोकांठ भरली कीं एकदम ओसंडावी व रिकामी झाली कीं थांबावी. आमच्या मतें या दोन पक्षांपेक्षां तिसऱ्याच एका गोष्टीचें महत्त्व अधिक आहे. गंगा केव्हां आली व केव्हां गेली याच्या तिथि स्थानिक लोक श्रद्धेनें लक्षांत ठेवीत आले. श्रद्धेपोटीं का होईना, एका झऱ्याचा असा पिढीजात हिशेब राखला गेला. सह्याद्रींतील इतर हजारों झऱ्यांचा कोणी ठेवला नाहीं. अलीकडे तिचा नेम बिघडला आहे, ती आगेंमागें येते, अशी तक्रार ऐकूं येते. ही तक्रार करतां येते तीही पूर्वींचा नेम ठाऊक आहे म्हणूनच.

त्याच गांवीं उष्णोदकाचाही झरा आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून तुरळ, राजवाडी, उन्हवऱ्यापर्यंत सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशीं असे झरे ओळीनें लागतात. उन्हवऱ्याचें पाणी तर सत्तर अंशांच्या घरांत पोंचतें. हा ज्वालामुखीचा शेष नाहीं. डोंगरावर पडलेलें पावसाचेंच पाणी खोल भेगांतून उतरून पृथ्वीच्या उष्णतेनें तापतें व पायथ्याशीं परत वर येतें. वसई घेतल्यावर, १७३९ नंतर, चिमाजी आप्पांनीं नवस फेडण्यासाठीं वज्रेश्वरीचें देऊळ बांधविलें, तेव्हां तेथील कुंडांची कीर्ति आधींपासूनच होती.

तीर्थ म्हणजे पवित्र पाणी. पण पवित्र पाणी म्हणजे निर्मळ पाणी काय, हा प्रश्न आपल्या इतिहासांत फार उशिरां विचारला गेला. त्याचें उत्तर एका किड्यानें दिलें. नारू हा रोग आजच्या मुलांना ऐकूनही ठाऊक नाहीं. पायाला फोड यावा, तो फुटावा, आंतून पांढऱ्या दोऱ्यासारखा हात-दीड हात लांब किडा डोकें काढावा, आणि तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढावा, असे महिनेच्या महिने जात. माणूस मरत नसे. पण ऐन पेरणीच्या दिवसांत घरांतला कर्ता अंथरुणाला खिळे. १८७० च्या सुमारास फेडचेंको नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें तुर्कस्तानांत या किड्याचें रहस्य शोधून काढलें. रोगी पाण्यांत पाय बुडवितो तेव्हां किडा आपलीं असंख्य पिलें पाण्यांत सोडतो. पाण्यांतील डोळ्याला जेमतेम दिसणारा एक जीव तीं गिळतो. तें पाणी प्यालें कीं वर्षभरानें पिणाराच्या पायांतून नवा नारू निघतो.

याचा अर्थ स्पष्ट आहे. जेथें पाण्यांत उतरून भरावें लागतें, तेथें नारू. जेथें कांठावरून दोरानें शेंदतां येतें, तेथें नाहीं. आपले आड निर्दोष ठरले. पायऱ्यांच्या सुंदर बारवा, देवळांपुढचीं कुंडें, पायऱ्या असलेलीं टांकीं हीं रोगाचीं आगरें ठरलीं. ज्या पायरीवर पाय ठेवल्यानें पुण्य लागतें तीच पायरी रोग वांटीत होती. यांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. पाणी वस्त्रानें गाळून प्यावें असा नियम मनुस्मृतींत संन्याशाला घातला आहे; जैन व महानुभाव यांनीं तो जीवहिंसा टळावी म्हणून कसोशीनें पाळला. घड्याच्या तोंडाला दुहेरी फडकें बांधलें तर तो सूक्ष्म जीव वर अडकतो आणि नारू होत नाहीं. किड्याला वांचविण्यासाठीं केलेल्या नियमानें माणूस वांचत होता, आणि कारण दोघांनाही ठाऊक नव्हतें. १९८० नंतर सरकारनें नारूच्या उच्चाटनाची मोहीम काढली तेव्हां हेंच फडकें आणि पायऱ्या बुजवून कठडे बांधणें हीं तिचीं मुख्य साधनें होतीं. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला व २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या विजयाला एक ओळही मिळत नाहीं. पानिपताला प्रकरणें मिळतात.

पाण्याच्या शुद्धतेचा दुसरा अर्थ अधिक दारुण होता. रायगडाच्या पायथ्याजवळ महाडास चवदार तळें आहे. पावसानें व आंतल्या झऱ्यांनीं तें भरतें. नांवावरूनच त्याच्या पाण्याची प्रतिष्ठा कळते. १९२३ सालीं बोले यांच्या ठरावानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले व महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ मध्यें तसा ठराव केला. तरी तळ्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. तें पाणी तोंपर्यंत गुरें पीत होतीं, परधर्मी लोक भरीत होते. त्यानें तें विटाळलें नव्हतें. त्या दिवशीं विटाळलें असें गांवच्या सवर्णांनीं ठरविलें, आणि त्याची शुद्धि कशी केली ? तळ्यांतून एकशें आठ घागरी पाणी काढून, त्यांत दहीं, दूध, गोमूत्र व शेण कालवून, मंत्रघोषांत तें पुन्हां तळ्यांत ओतलें. पिण्याच्या पाण्यांत शेण मिसळून तें शुद्ध झाल्याचें सुशिक्षित माणसांनीं मानलें, आणि तेंही फेडचेंकोच्या शोधाला अर्धें शतक उलटून गेल्यावर. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला महाडासच मनुस्मृतीचें दहन झालें. वस्त्रानें गाळलेल्या पाण्याचा नियम ज्या ग्रंथांत आहे तोच हा ग्रंथ. तळ्याचा हक्क मुंबईच्या उच्च न्यायालयांत मान्य व्हावयास १९३७ चा मार्च उजाडला. ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें लागलीं.

यानंतरचा भाग थोडक्यांत सांगण्यासारखा आहे, कारण तो अजून घडत आहे. १९७२ च्या दुष्काळानें विहिरींचे तळ उघडे पडले. त्याच वर्षीं राज्यानें भूजलाच्या पाहणीसाठीं स्वतंत्र यंत्रणा उभारली, आणि खडक विंधणारीं यंत्रें गांवोगांव फिरूं लागलीं. बोअरवर बसविण्याचा टिकाऊ हातपंप प्रथम जालना व सोलापूर येथील मिशनच्या माणसांनीं घडविला. पुढें देशभर गेलेल्या पंपाचा तोच पूर्वज. विंधनविहिरीच्या झांकलेल्या पाण्यांत कोणी पाय बुडवूं शकत नाहीं, त्यामुळें नारूच्या उच्चाटनालाही तिचें साह्य झालें, हें उपकार विसरतां येत नाहींत. परंतु डोंगरांत तिचा एक गुण अवगुण ठरतो. ज्या लाल थरावर पाणी अडून झरा वाहतो, तोच थर ती भेदून जाते. नळी नीट न घालतां खोल भोंक पाडलें तर वरच्या थरांतलें पाणी त्या भोंकावाटे खालीं उतरतें, आणि शेजारच्या कड्याचा झरा आटतो. झरा आटतो वाडीचा. पाणी लागतें तें बहुधा खालच्या बागेला किंवा हवेशीर पठारावरील बंगल्याला. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून पांचशें मीटरांच्या आंत नवी विहीर खणण्यास मनाई केली. २००९ चा अधिक व्यापक कायदा २०१४ पासून अमलांत आला व साठ मीटरांहून खोल विंधनविहिरींवर निर्बंध आले. कागदावर हे नियम चांगले आहेत. पण पांचशें मीटर हें अंतर सपाटीवर मोजावयाचें. सह्याद्रींत पाणी थराथरानें चालतें, आणि पांचशें मीटरांपलीकडचें भोंकही त्याच थरांतलें असूं शकतें, हें मोजपट्टी धरणाराला कोण सांगणार?

जांभ्याच्या पठारांवर धोका निराळा आहे. जो सच्छिद्र दगड पाऊस पिऊन घेतो तो सांडपाणीही तितक्याच तत्परतेनें पिऊन घेतो. हॉटेलांचे शोषखड्डे माथ्यावर असतात व झरे त्यांच्या खालीं कड्याला. वाळूंतून पाणी गाळून निघतें. जांभ्याच्या मोठ्या नळ्यांतून तें न गाळतांच धांवतें. पंचगंगेच्या गोमुखाखालीं ओंजळ धरणारा यात्रेकरू आज जें पाणी पितो त्याची परीक्षा भक्तीच्या नव्हे तर प्रयोगशाळेच्या कांचपात्रांत, पावसाळ्याच्या आरंभीं व शेवटीं, दरवर्षीं झाली पाहिजे.

गडांवर मात्र गेलीं कांहीं वर्षें तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशीं घमेलीं व पहारी घेऊन जातात आणि बुजलेलीं टांकीं उपसतात. वर प्लॅस्टिकच्या बाटल्या निघतात, खालीं गाळ, त्याखालीं फुटक्या खापऱ्या, कधीं तटाचा ढांसळलेला चिरा. सांठवणीचें टांकें असेल तर तें पुढच्या पावसाची वाट पाहतें. जिवंत पाण्याचें असेल तर गाळाचा शेवटचा थर निघाल्यावर कोपऱ्यांतल्या भेगेशीं प्रथम ओल दिसते, मग थेंब, आणि संध्याकाळीं मंडळी गड उतरूं लागतात तोंवर तळाला वीतभर पाणी चढलेलें असतें.